पेशवाईचे डोळे व कान : नाना फडणवीस

राज्याचे बळ कशात असते असे कोणी पुसले असता फौज, किल्ले व खजिना ही तीन उत्तरे आपल्या विद्यार्थ्यांकडून तत्काळ येतात. बातमी हे चौथे उत्तर सहसा कोणी देत नाही. आणि ते स्वाभाविकच आहे, कारण बातमी आणणाऱ्या माणसाचे नाव कोणास कळू नये ह्यातच त्याच्या धन्याचे हित असते. तथापि ज्या राज्याचा खजिना तोकडा, शत्रू चोहोंकडे, आणि सरदार आपापल्या तंत्राने वागणारे, त्या राज्यास वेळेवर मिळालेली एक खरी बातमी दहा पलटणींच्या ठिकाणी उपयोगी पडते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठ्यांचे राज्य अगदी असे होते. ते पंचवीस वर्षांच्या वर ज्या एका पुरुषाने मुख्यतः बातमीच्या जोरावर सांभाळले, त्या नाना फडणविसांचे चरित्र आम्ही ह्या लेखात आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

ह्या विषयाकडे वळण्यास आम्हांस आणखी एक कारण आहे. आपल्या देशात आज गुप्तवार्ता विभाग आहे. त्याचा आरंभ १८८७ सालचा मानतात. परदेशांतील बातमीसाठी १९६८ साली निराळे खाते निघाले. अशी खाती आपले काम कितपत नीट करतात हा प्रश्न प्रत्येक सुजाण नागरिकाच्या मनात येतो. आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या देवरी व सालेकसा भागांतील पालकांस तर तो अधिकच जवळचा वाटेल. नक्षलवादाच्या काळात कोणी कोणास खबर दिली ह्या नुसत्या संशयाने रानाकाठच्या निरपराध माणसाच्या जिवाला केवढा घोर लागे, हे त्यांस सांगावयास नको. परंतु चालू खात्यांचे कागद बंद असतात. त्यांचे यश झाकलेले राहते आणि अपयश तेवढे उघड होते. म्हणून त्यांविषयी निवाडा देणे कठीण. नानांच्या वेळचे कागद मात्र आता हजारोंनी छापले गेले आहेत, व त्यांच्या बातमीदारीचे माप पुरते घेता येते.

नानांचे पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू. घराण्याचे मूळ गाव कोकणातील वेळास. आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर देशावर आले, आणि १७१९ साली दिल्लीच्या दंग्यात पेशव्यांच्या कामी पडले. त्या उपकाराची जाणीव ठेवून पेशव्यांनी ह्या घराण्याकडे फडणिशी चालविली. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. वडील १७५६ साली वारले, आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगावर फडणिशीची वस्त्रे पडली. फडणीस म्हणजे राज्याचा जमाखर्च ज्याच्या दप्तरातून जातो तो अधिकारी. आमच्या मते नानांच्या पुढील कर्तबगारीचे बीज ह्या हिशेबी कामातच आहे. कोणत्या सरदाराने किती स्वार ठेवल्याचे दाखविले व प्रत्यक्षात किती ठेवले, कोणाच्या डोक्यावर कोणत्या सावकाराचे कर्ज आहे, हे ज्यास रोजच्या रोज ठाऊक असते त्यास माणसाचे मन ओळखण्यास फार लांब जावे लागत नाही.

वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याच्या आधीच नाना पानिपतावर होते. यात्रा घडावी म्हणून आई व पत्नी ह्यांस घेऊन ते भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेस गेले होते. ह्या मोहिमेत मराठ्यांच्या शौर्याची वाण नव्हती. वाण होती ती बातमीची. १७६० च्या ऑक्टोबरात अबदाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला, ते भाऊसाहेबांस वेळेवर कळले नाही. नदीस पाणी आहे, तो उतरणार नाही, अशा भरवशावर फौज उत्तरेस कुंजपुऱ्याकडे गेली होती. पुढे रसद तुटली. रसदीचे काम पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात अचानक छाप्यात मारले गेले. छावणीतून निघालेली पत्रे दक्षिणेस पोहोचेनाशी झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी सर्वस्व बुडाले, तेव्हा खुद्द नानासाहेब पेशवे मदतीस म्हणून नर्मदेपलीकडे येत होते, आणि त्यांस काहीच ठाऊक नव्हते. ती बातमी त्यांस प्रथम एका सावकारी पत्रातून कळली, अशी प्रसिद्ध हकीगत आहे. त्या पत्रात पडलेल्या वीरांचा उल्लेख मोत्ये व मोहरा ह्यांच्या सांकेतिक भाषेत होता. एवढ्या मोठ्या राज्याचे डाक व जासूद थकले, आणि पेढीवाल्याचा माणूस आधी पोहोचला! हुंडीचा व्यापार करणाऱ्यास देशोदेशीची खबर ठेवावीच लागते. राज्य करणाऱ्यांस मात्र तिची गरज तितकीशी भासली नव्हती.

नाना त्या संहारातून पायी निसटले. अंगावरचे कपडे टाकून, गवतात दडून, भुकेने व्याकुळ होऊन त्यांनी मजल मारली. आई त्या धुमाळीत अंतरली. पत्नीची मात्र पुढे भेट झाली. ही सर्व हकीगत त्यांनी स्वतः एका लहानशा आत्मवृत्तात लिहून ठेविली आहे. ज्या विद्यार्थ्यांस जुन्या मराठी गद्याची गोडी असेल त्यांनी ते अवश्य वाचावे. मोठ्या पदास चढलेला मनुष्य आपल्या भीतीविषयी इतके सरळ लिहितो हे फार क्वचित आढळते. ज्याने राज्य आंधळे झाल्याचे परिणाम विशीच्या आत डोळ्यांनी पाहिले, त्याने पुढे जन्मभर बातमीचा हव्यास धरला ह्यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

थोरले माधवराव पेशवे ह्यांच्या कारकिर्दीत नाना पुण्यास राहून दरबारचे काम पाहत व शिकत होते. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरास वारले. धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले, व त्यांस ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यातच मारले. कटाच्या मुळाशी चुलते राघोबादादा होते, हे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशीअंती निर्भयपणे सांगितले. ह्या प्रसंगाची एक बाजू आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात धरावी. गारद्यांत गडबड आहे ही कुणकुण पेशव्यांस त्या दिवशी सकाळीच लागली होती, आणि बंदोबस्त करण्यास त्यांनी हरिपंत फडक्यांस सांगितलेही होते, असे इतिहासकार लिहितात. हरिपंत दुपारच्या भोजनास गेले. बंदोबस्त सायंकाळवर राहिला. गारदी सायंकाळपर्यंत थांबले नाहीत. पानिपतावर बातमी नव्हती म्हणून घात झाला. येथे बातमी घरात येऊन बसली होती, आणि तिला उठून दार लावणारा कोणी नव्हता.

ह्यानंतर नानांचा खरा काळ सुरू होतो. सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकरावमामा पेठे, मोरोबादादा इत्यादी कारभाऱ्यांसह त्यांनी बारभाईंचे कारस्थान उभारले. नारायणरावांची गर्भवती पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर सुरक्षित नेऊन ठेविले, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. चाळीस दिवसांचे मूल पेशवा झाले. राघोबादादा मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले, व मार्च १७७५ मध्ये सुरतेस त्यांचा तह झाला. आता नानांपुढे संकट केवढे होते पाहा. धनी पाळण्यात, चुलता शत्रूच्या गोटात, हैदर व निजाम दोन बाजूंस टपलेले, शिंदे, होळकर, गायकवाड व नागपूरकर भोसले हे नावाचे सेवक, परंतु मनाचे धनी, आणि तिजोरीत कर्जाचे कागद. फौज घेऊन लढणे हे नानांचे काम नव्हते. रणांगणाची त्यांस धास्ती होती असेच त्यांचे टीकाकार सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून त्यांनी आपल्या हातात येण्यासारखे शस्त्र निवडले.

ते शस्त्र कसे होते? हेरगिरी मराठ्यांस नवी नव्हती. शिवछत्रपतींचा बहिर्जी नाईक आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. परंतु बहिर्जीचे काम मुख्यतः मोहिमेपुरते: वाटा, चौक्या, शत्रूचा खजिना ह्यांची टेहळणी. नानांनी बारमाही बातमीचा क्रम घातला. प्रत्येक मोठ्या दरबारी पेशव्यांचा वकील असे. हैदराबादेस गोविंदराव काळे, दिल्लीस हिंगण्यांचे घराणे, हैदराकडे कृष्णराव नारायण जोशी, कलकत्त्यास लाला सेवकराम अशी ही मंडळी होती. वकील उघडपणे नजराणे व खलिते पोहोचवी, आणि रात्री दिव्याशी बसून दुसरे पत्र लिही. त्यात कोण कोणाकडे जाऊन किती वेळ बसला, कोणाचा पगार तटला, तोफखान्याचे बैल कोठून आले, कोणत्या सरदारास ताप आला, बाजारात कोणाची हुंडी परतली, अशा शेकडो बारीक गोष्टी असत. त्यांपैकी पुष्कळ निरुपयोगी ठरत. पण तोफखान्याचे बैल जमू लागले व त्याच सुमारास एखाद्या सरदाराची हुंडी वठली, ह्या दोन गोष्टी एके ठिकाणी मांडणारा मनुष्य पुण्यास बसला होता, आणि त्यातच सर्व मर्म होते.

पत्रे जासूद, काशीद व सांडणीस्वार ह्यांच्या हाती जात. ज्यांनी ऊन, पाऊस व चौकीपहारे ह्यांतून ह्या थैल्या पोहोचविल्या, त्या गरीब माणसांची नावे इतिहासाने बहुतेक जपली नाहीत ह्याचे आम्हांस वाईट वाटते. एकाच ठिकाणची खबर दोघातिघांकडून मागवावी, एकाचे दुसऱ्यास कळू देऊ नये, व तिन्ही पत्रे ताडून पाहून मग मत बनवावे, हा नानांचा प्रघात त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसून येतो. ते स्वतः उंच, सडपातळ, वर्णाने सावळे व मुद्रेने अत्यंत गंभीर होते. हसताना क्वचितच दिसत. जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चितार्‍याने सवाई माधवरावांच्या दरबारचे जे चित्र काढले त्यात नाना धन्याजवळ बसलेले दिसतात. त्या चेहऱ्यावरून मनातले काही ओळखावे म्हणून आम्ही ते पुष्कळ वेळ न्याहाळले, पण चित्रातही नाना दाद देत नाहीत.

ह्या व्यवस्थेची परीक्षा लौकरच झाली. १७७७ साली सँ लुबँ नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला. त्याच्या वचनांत अर्थ थोडा व बढाई फार होती. परंतु नानांनी त्याचा सत्कार थाटाने केला. पुण्यातील इंग्रज वकील मॉस्टिन पाहत आहे व त्याची पत्रे मुंबईस जाणार, हे ओळखूनच तो थाट होता. शत्रूचा बातमीदार आपल्या नगरात असला म्हणजे त्याच्या डोळ्यांनी शत्रूस आपणांस हवे ते दाखविता येते! ह्या खेळीने इंग्रज दचकले खरे. पण दचकलेला शत्रू घाईने युद्धास उठतो ही तिची दुसरी बाजू होती, आणि ती आम्ही लपवू इच्छीत नाही.

१७७८ साली घरातच फितुरी माजली. चुलतभाऊ मोरोबादादांनी राघोबास पुण्यास आणण्याचा घाट घातला. काही काळ कारभारही त्यांच्या हाती गेला. नाना पुरंदराच्या आश्रयास राहिले, आणि महादजी शिंदे ह्यांस आपलेसे करून त्याच वर्षी मोरोबांस कैद करविले. वृद्ध सखारामबापूंचा ह्या कटातील हात पुढे वडगावनंतर कागदांवरून उघड झाला, तेव्हा तेही कैदेत गेले व १७८१ साली किल्ल्यावरच वारले. ज्या दोघांनी नानांबरोबर बारभाईंचा पाया घातला त्यांची ही गत झाली. राज्यरक्षणास ते अवश्य होते असे म्हणता येईल. परंतु सहकाऱ्यांवर पाळत ठेवण्याची जी सवय येथे लागली ती पुढे कोठवर गेली ते वाचकांस लौकरच दिसेल.

नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे चार हजार इंग्रजी फौज राघोबास घेऊन मुंबईहून निघाली. ती निघण्यापूर्वीच पुण्यास तयारी होती. महादजी व हरिपंत ह्यांच्या फौजांनी घाटमाथ्यावर तिला रोजच्या रोज छेडले. कॅप्टन स्टुअर्ट, ज्यास मराठे कौतुकाने इष्टुर फाकडा म्हणत, तो कार्ल्याजवळ झाडावर चढून मराठ्यांची फौज न्याहाळीत असता तोफेच्या गोळ्याने पडला असे सांगतात. शत्रू असूनही त्याच्या धाडसाची आठवण मराठ्यांनी ठेविली. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावास आले तो गाव जळून खाक. धान्य नाही, वैरण नाही. राघोबाच्या पक्षाचे लोक उठून मिळतील ही जी बातमी मुंबईकरांनी खरी मानली होती, ती साफ खोटी ठरली. माघार घेताना त्यांनी जड तोफा तळ्यात टाकल्या, आणि वडगावास कोंडले जाऊन तह लिहून दिला. एका बाजूस खरी बातमी व दुसरीस मनाजोगती बातमी, ह्यांच्या सामन्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मराठी इतिहासात आम्हांस तरी आठवत नाही.

आता आमच्या प्रांताशी निकट संबंध असलेल्या प्रकरणाकडे येऊ. वैनगंगेकाठचा आपला हा मुलूख त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, आणि १७५१ पासून ओरिसाही त्यांच्याकडे होता. १७८० साली नानांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा बेत रचला. हैदराने कर्नाटकात, निजामाने उत्तर सरकारांत, भोसल्यांनी बंगाल्यात व पेशव्यांनी पश्चिमेस अशी चोहोंकडून इंग्रजांवर एकदम चाल करावयाची. हैदर, निजाम व मराठे ह्यांस एका दावणीस बांधणे हेच अद्भुत होते. हैदर ठरल्याप्रमाणे विजेसारखा उतरला. नागपूरकर मुधोजी भोसल्यांनीही आपले पुत्र चिमणाबापू ह्यांस सुमारे तीस हजार फौजेनिशी कटकाकडे रवाना केले. परंतु ती फौज कटकास जाऊन थबकली. मुधोजींनी सर्व बेत आतून वॉरन हेस्टिंग्जला कळविला होता. त्यांचे कारभारी दिवाकरपंत ह्यांचे कलकत्त्याशी सूत जमले होते. हेस्टिंग्जने लक्षावधी रुपये देऊन ही स्वारी थांबविली. एवढेच नव्हे, तर १७८१ साली कर्नल पिअर्सची इंग्रजी पलटण ह्याच भोसल्यांच्या ओरिसातून हैदराशी लढण्यास मद्रासेकडे सुखरूप निघून गेली.

येथे नानांचे बातमीखाते हरले असे काही म्हणतात. आम्हांस ते पुरते पटत नाही. भोसल्यांची चालढकल पुण्यास दिसत होतीच. एक वर्षभर कटकास बसून राहिलेली फौज कोणापासून लपणार? परंतु दिसून करावयाचे काय? मुधोजी हा चाकर नव्हता. त्याचा मुलूख, त्याची फौज व त्याचा वसूल त्याचा होता. पुण्याच्या मागण्यांचे त्यास ओझे होते. आणि पदरी असलेल्या फौजेचा पगार भागविणेही त्यास कठीण जाई. हेस्टिंग्जने हे दुखणे हेरले व त्यावर रोख औषध दिले. नानांजवळ बातमी होती, औषध नव्हते. आपल्या भागातील लोकांनी नागपूरकरांच्या पराक्रमाच्या गोष्टी अभिमानाने सांगाव्या, परंतु हे पानही वाचावे असे आम्हांस वाटते.

पुढे १७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. नानांनी त्यावर शिक्कामोर्तब करण्यास महिनोन्महिने लाविले, कारण हैदर जिवंत असेतो इंग्रजांस धाकात ठेवता येत होते. ७ डिसेंबर रोजी हैदर वारला. त्याच्या कारभाऱ्यांनी फौज फुटू नये म्हणून ती गोष्ट दडविली होती. तरी त्याच महिन्याच्या २० तारखेस पुण्याहून तहास मान्यता मिळाली! कोठे अर्काटाकडील छावणी आणि कोठे पुणे. तार नाही, आगगाडी नाही.

नानांच्या खात्याची घराकडील बाजू मात्र इतकी उजळ नाही. पुणे शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे, आणि १७७७ पासून ते पद घाशीराम ह्या उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मणाकडे होते. रात्री तोफ झाल्यावर रस्त्यात दिसेल त्यास चावडीत बसवावयाचे, परगावच्या पाहुण्याची नोंद ठेवावयाची, आणि कोणाच्या घरी काय बोलणे चालते ते नानांस कळवावयाचे, अशी कामे त्याजकडे होती. चोऱ्या कमी झाल्या हे खरे. परंतु ज्याच्या हाती सर्वांची गुपिते, त्याजविरुद्ध तक्रार कोण नेणार, व कोणामार्फत? चौदा वर्षे ही स्थिती चालली. ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणमासाच्या दक्षिणेसाठी आलेले काही तेलंगी ब्राह्मण घाशीरामाच्या बागेत उतरले असता त्यांनी फळे तोडली, ह्या कारणावरून त्यांस चोर ठरवून एका लहानशा अंधाऱ्या जागेत कोंडण्यात आले. मानाजी फाकडे ह्या सरदाराने कुलूप तोडविले तेव्हा आत वीसाहून अधिक माणसे गुदमरून मेली होती. नानांनी आरंभी कोतवालाचीच हकीगत खरी मानली, कारण शहरातील प्रत्येक बातमी त्यांस त्याच वाटेने येण्याची सवय होती. शेवटी जमाव त्यांच्या वाड्यावर लोटला. ३१ ऑगस्ट रोजी घाशीरामास लोकांच्या स्वाधीन करण्यात आले, व त्यांनी त्यास दगडांनी ठेचून मारले.

विजय तेंडुलकर ह्यांच्या १९७२ सालच्या प्रसिद्ध नाटकामुळे हे प्रकरण आज सर्वांस ठाऊक आहे. नाटकातील नाना व इतिहासातील नाना ह्यांत पुष्कळ अंतर आहे हे वाचकांनी विसरू नये. तरी नानांवरचा मुख्य दोष नाटकाशिवायही शिल्लक राहतो. हैदराबादेहून येणारी खबर ते तिघांकडून ताडून घेत. आपल्याच नगरातील खबर ते एकाच तोंडून घेत राहिले, आणि ते तोंड कोतवालाचे होते.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्यास निजामाचा मोड झाला, तेव्हा नानांचे वैभव शिखरास पोहोचले. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन सर्व एका निशाणाखाली पुन्हा असे जमले नाहीत. त्यानंतर आठ महिन्यांच्या आतच जे घडले ते लिहिताना आजही लेखणी अडखळते.

सवाई माधवराव आता एकवीस वर्षांचे झाले होते. ज्या बालकाच्या रक्षणासाठी नानांनी सर्व आयुष्य वेचले, त्याभोवती त्यांनी नकळत भिंत बांधली होती. कोण भेटीस येतो, काय बोलतो, कोणते पत्र येते, सर्व नानांस कळे. शिवनेरीवर कैदेत असलेले राघोबाचे पुत्र बाजीराव ह्यांनी ह्या तरुण पेशव्याशी गुप्तपणे पत्रव्यवहार सुरू केला; दोघेही एकाच वयाचे, आणि आपणही तसेच कैदी आहो असे माधवरावांस वाटू लागले. नानांच्या माणसांनी ते पत्र पकडले. मध्यस्थ बळवंतराव नागनाथ ह्यास बेड्या पडल्या, आणि पेशव्यास नानांनी कठोर शब्दांत बोलून घेतले. बातमीदारांनी आपले काम चोख केले होते. त्या मुलाच्या अंतःकरणात काय चालले आहे हे मात्र कोणत्याही पत्रात लिहून येण्यासारखे नव्हते. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालच्या कारंज्यावर पडले, व दोन दिवसांनी वारले. तो तापाच्या भ्रमात झालेला अपघात होता की जाणूनबुजून केलेली उडी, ह्याविषयी विद्वानांत अद्याप मतभेद आहेत. नानांस त्याचा निवाडा करण्याची गरज पडली नसावी. आमच्या पालकवाचकांस ह्या प्रसंगी अधिक काही सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही.

पुढील साडेचार वर्षांची कथा गुंतागुंतीची असून फारशी सुखद नाही. नको असलेले बाजीरावच अखेर गादीवर आले; मध्यंतरी नानांस महाडाकडे पळावे लागले, तेथून त्यांनी पुन्हा एकदा सर्व सूत्रे जुळवून आपले पद परत मिळविले. पण ज्या नानांनी जन्मभर दुसऱ्यांचे डाव ओळखले ते शेवटी एका साध्या डावात सापडले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी ते दौलतराव शिंद्यांच्या गोटात भेटीस गेले. मायकेल फिलोझ ह्या शिंद्यांच्या इटालियन सरदाराने त्यांच्या सुरक्षिततेची शपथपूर्वक हमी दिली होती, आणि त्यानेच त्यांस धरले. अहमदनगरच्या किल्ल्यात काही महिने काढल्यावर १७९८ साली मोठी रक्कम भरून ते सुटले. १३ मार्च १८०० रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांस संतती नव्हती. प्रतिपक्षाचा वकील पामर ह्यानेही आपल्या सरकारास कळविताना त्यांच्या मृत्यूविषयी खेद व्यक्त केला, आणि मराठी राज्यातील शहाणपण आता सरले असा अभिप्राय दिला.

नानांच्या मागे त्यांचे खाते एक वर्षही टिकले नाही. कारण, आमच्या समजुतीप्रमाणे, ते राज्याचे खाते कधी झालेच नव्हते. वकील नानांस लिहीत, जासूद नानांच्या दप्तरात थैली टाकीत, हेरांचा पैसा नानांच्या हातून जाई, आणि तीन पत्रे ताडून पाहण्याची विद्या एकट्या नानांस येत होती. ती त्यांनी कोणास शिकविली नाही. शिकविण्याजोग्या प्रत्येक माणसाचा त्यांस संशय येई. त्याच काळात इंग्रजांचे मॉस्टिन गेले, मॅलेट आले, मॅलेट गेले, पामर आले. माणूस बदलला तरी जुनी पत्रे नव्या माणसास वाचावयास मिळत.

३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी वसईस इंग्रजांशी तह करून राज्याचे स्वातंत्र्य लिहून दिले. दुसऱ्याच वर्षी शिंदे व भोसले ह्यांनी युद्ध केले ते उशिरा. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहाने भोसल्यांचा ओरिसा गेला, तोच कटकाचा प्रांत, जेथे त्यांची तीस हजार फौज एकदा थांबून राहिली होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नागपूरचे राज्य तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर १८५४ साली खालसा झाले, व त्याबरोबर आपला हा मुलूखही.

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली नावाचे गाव आहे. तेथे नानांनी बांधलेला वाडा व घाट अजून उभे आहेत. त्या वाड्यात त्यांचे दप्तर पुष्कळ वर्षे बांधून पडले होते. पुढे दत्तात्रेय बळवंत पारसनीस ह्यांनी त्यातील कितीतरी कागद प्रसिद्धीस आणले, आणि वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी नानांचे विस्तृत चरित्र लिहिले. ज्या पत्रांची नुसती कुणकुण लागली तरी एके काळी मनुष्य किल्ल्यावर जाई, ती आता ग्रंथालयात कोणाही विद्यार्थ्यास मागून वाचता येतात.